सरकारी कंत्राटं आणि व्यापारी खटल्यांची वकिली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात शाखा अभियंता होते. मार्चअखेर आली की घरी मोजमाप पुस्तिकांचा (मेजरमेंट बुक, म्हणजे झालेल्या कामाची मापं नोंदवायची वही, तिलाच एम.बी. म्हणतात) गठ्ठा यायचा, आणि त्या टेबलाच्या आसपास आम्हा भावंडांना फिरकायचीही बंदी असायची. एम.बी.चं पान फाटलं तर बाबांची नोकरी जाईल, असं आई सांगायची. पुढे मी वकील झाले आणि त्याच पुस्तिका वाचून पोट भरू लागले. इंटर्नशिपला येणारी मुलं, तालुक्या-जिल्ह्याचे नवे वकील आणि अधूनमधून एखादे ठेकेदार मला जे विचारत असतात, त्याची उत्तरं इथे एकदाची लिहून ठेवते. वकील परिषदेच्या नियम ३६ प्रमाणे वकिलाला जाहिरात करता येत नाही. तेव्हा माझं नाव, नंबर किंवा जिंकलेल्या खटल्यांची यादी इथे शोधू नका.

या वकिलीत दिवसभर नेमकं काय करता?

वाचते. कोर्टात उभं राहून बोलणं त्यामानाने फार थोडं. बाकी सगळा वेळ निविदा सूचना, बोलीपूर्व बैठकीचं इतिवृत्त, कार्यारंभ आदेश, मुदतवाढीचे अर्ज, रनिंग बिलं (काम चालू असताना टप्प्याटप्प्याने काढलेली) आणि पत्रव्यवहार यांत जातो. ‘विषयांकित कामाबाबत कळविण्यात येते की’ अशी सुरुवात असलेली पत्रं मी हजारांनी वाचली असतील. त्यांतल्या कुठल्या पत्राला उत्तर गेलंच नाही, हे शोधून काढलं की निम्मा खटला समजतो.

वाद ढोबळमानाने तीन वेळा होतात. कंत्राट मिळण्याआधी, म्हणजे बोली अपात्र ठरवली म्हणून. काम चालू असताना, म्हणजे जागा वेळेत दिली नाही, जादा बाबींचे दर मंजूर केले नाहीत, उशिराचा दंड लावला म्हणून. आणि काम संपल्यावर, म्हणजे अंतिम बिल आणि सुरक्षा ठेव अडकली म्हणून. मुख्य ठेकेदार आणि पोटठेकेदार यांच्यातली, पुरवठादार आणि कंपनी यांच्यातली भांडणंही याच ऑफिसात येतात. त्यांत सरकार नसतं, पण कागद तसेच असतात.

यासाठी वेगळी पदवी लागते का?

नाही. एलएल.बी., सनद, ऑल इंडिया बार परीक्षा. झालं. भारतीय करार कायदा १८७२, विशेषतः कलम ५५, ७०, ७३ आणि ७४, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आला पाहिजे. बाकीचं कामावर येतं.

एक गोष्ट मात्र लॉ कॉलेजात शिकवत नाहीत, ती म्हणजे आकडेमोड. काम वर्षभर रखडलं, ठेकेदाराचा मिक्सर आणि माणसं साइटवर बसून राहिली, तर नुकसान किती? त्यासाठी हडसन, एमडेन, आयकले अशी सूत्रं वापरतात, आणि मॅकडरमॉट विरुद्ध बर्न स्टँडर्ड (२००६) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा वापर मान्य केला आहे. पण सूत्रात घालायचे आकडे अशिलाच्या हिशोबवहीतून यावे लागतात. हवेतले आकडे घातले की समोरचा वकील उलटतपासणीत दोन प्रश्नांत सगळा दावा उडवून लावतो. हे मी बघितलंय. दुसऱ्याच्या अशिलाचं, सुदैवाने.

पहिलं वर्ष कसं घालवावं?

ज्यांच्याकडे बिलांची आणि लवादाची (कोर्टाऐवजी नेमलेल्या पंचापुढची) कामं चालतात अशा सीनियरकडे. मोठं नाव असलेल्या ऑफिसात तीन वर्षं तारखा घेत बसण्यापेक्षा हे बरं. शिवाय आठवड्यातून एक दिवस एखाद्या साइटवर जा. खडीकरण, बी.बी.एम., कार्पेट हे रस्त्याचे थर डोळ्यांनी बघितले नसतील तर ‘जादा बाब क्रमांक ४’ वर तुम्ही न्यायाधीशांना काय सांगणार?

आणि बी-१, बी-२ हे आपल्या बांधकाम खात्याचे छापील करारनमुने वाचून काढा. बी-१ टक्केवारी दराचा (अंदाजित दरापेक्षा किती टक्के कमी-जास्त), बी-२ बाबनिहाय दराचा. जुन्या, खिळ्यांच्या छपाईतल्या इंग्रजीत आहेत, वाचताना डोळे दुखतात. पण राज्यातल्या रस्त्यापासून शाळाखोलीपर्यंतची कामं त्यांवर चाललेली आहेत. अधीक्षक अभियंत्याचा निर्णय अंतिम राहील, असं कलम त्यांत दिसलं की नवे वकील त्यालाच लवादाचा करार समजून बसतात. ओरिसा सरकार विरुद्ध दामोदर दास (१९९६) आधी वाचा. अभियंत्याला देखरेखीचा आणि निर्णयाचा अधिकार दिला म्हणजे तो लवाद झाला असं होत नाही.

सरकारशी केलेला करार इतर करारांपेक्षा वेगळा का?

राज्यघटनेच्या अनुच्छेद २९९ मुळे. राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने व्हावा लागतो आणि अधिकार दिलेल्या अधिकाऱ्यानेच त्यावर सही करावी लागते. ‘साहेबांनी तोंडी सांगितलं, सुरू करा, कागद नंतर बघू’ हे वाक्य ज्या ठेकेदाराने ऐकलं नाही असा ठेकेदार मला अजून भेटायचा आहे. पूर आला, पूल खचला, मंत्र्यांचा दौरा ठरला, आणि काम तोंडी आदेशावर झालं. साहेब बदलले की नवे साहेब विचारतात, आदेश कुठे आहे?

अशा वेळी करार सिद्ध होत नाही, पण सगळं संपलेलं नसतं. करार कायद्याचं कलम ७० कामाला येतं. फुकट करण्याचा हेतू नसताना काम केलं, सरकारने ते स्वीकारलं आणि त्याचा लाभ घेतला, तर भरपाई द्यावी लागते. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या निकालाने हे साठच्या दशकाच्या सुरुवातीलाच पक्कं केलं. मात्र हा कराराचा दर नव्हे, वाजवी मोबदला. तोही लाभ घेतल्याचा पुरावा असेल तर. मोबाइलवरचे तारखेसकट फोटो, गावच्या सरपंचाचं पत्र, उपअभियंत्याने साइटवर दिलेली चिठ्ठी, सगळं जपून ठेवायला सांगा.

टेंडर दुसऱ्याला गेलं. हायकोर्टातून स्टे मिळेल का?

बहुतेक वेळा नाही. हे ऐकून अशील नाराज होतो आणि ‘मिळेल की’ म्हणणाऱ्या वकिलाकडे जातो. जाऊ द्यावं.

मुंबईच्या विमानतळावर एक दुसऱ्या दर्जाचं उपाहारगृह चालवायला द्यायचं होतं. पाच वर्षांचा अनुभव असलेल्या नोंदणीकृत हॉटेलवाल्यांनीच बोली लावावी, अशी अट होती. अटीत न बसणाऱ्याला काम दिलं गेलं. रमणा दयाराम शेट्टी विरुद्ध इंटरनॅशनल एअरपोर्ट अथॉरिटी हा तो खटला. १९७९ मध्ये न्या. भगवती यांनी लिहिलं की सरकारने स्वतः घातलेली अट सरकारलाही पाळावी लागते. टेंडरच्या प्रत्येक याचिकेत हा निकाल जोडलेला असतो. पण तो शेवटपर्यंत वाचणारे कमी. याचिकाकर्त्याच्या हाती काहीच पडलं नाही, कारण तो उशिरा आला होता आणि तोवर दुसऱ्याने पैसे घालून काम सुरू केलं होतं. कायदा घडला, तो माणूस मात्र रिकाम्या हाताने परतला.

त्यानंतर टाटा सेल्युलर (१९९४) आला. चार महानगरांच्या मोबाइल परवान्यांचा वाद. न्यायालय निर्णय कसा घेतला हे तपासेल, निर्णय बरोबर होता का हे तपासायला बसणार नाही, असं त्यात ठरलं. २०१६ मध्ये ॲफकॉन्स विरुद्ध नागपूर मेट्रो या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की निविदेचा कागद ज्याने लिहिला त्यालाच त्याचा अर्थ नीट कळतो, त्यात मनमानी किंवा दुष्टबुद्धी नसेल तर आम्ही हात घालणार नाही. २०१८ ला विनिर्दिष्ट साहाय्य कायद्यात कलम २०-ए घालून पायाभूत प्रकल्प अडेल असा मनाईहुकूम द्यायला बंदी झाली. आणि २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालाने सांगितलं की चूक दिसली तरी काम थांबवण्याऐवजी भरपाईचा विचार करा.

तरीही लढण्यासारखी प्रकरणं असतात. कागद अपलोड झालेला असताना ‘सादर केला नाही’ म्हणून तांत्रिक लिफाफ्यातच (दर उघडण्याआधीच्या पात्रता-तपासणीत) बाहेर काढलं, किंवा बोली उघडल्यावर अट बदलली, तर पहिल्या आठवड्यात कोर्टात जा. पोर्टलवरचा स्क्रीनशॉट आणि पावती घेऊन जा. कार्यारंभ आदेश निघाल्यावर येणाऱ्या अशिलाला मी चहा पाजते आणि परत पाठवते.

बिल दोन वर्षं अडकलंय. रिट करू, दावा लावू की लवाद मागू?

आधी करार उघडा. लवादाचं कलम असेल तर तिकडे. नसेल तर व्यापारी न्यायालयात दावा. रिट, म्हणजे राज्यघटनेखाली हायकोर्टात केलेली याचिका, हा तिसरा रस्ता, आणि तो अरुंद आहे. एबीएल इंटरनॅशनल (२००४) मुळे करारातल्या पैशांसाठीही रिट चालू शकते, पण खात्याने रक्कम कबूल केलेली असेल आणि तरी मनमानीने अडवली असेल तरच त्यात दम असतो. ‘निधी उपलब्ध नाही, उपलब्ध होताच देयक अदा करण्यात येईल’ असं सहीचं पत्र हाती असेल तर ते सोन्यासारखं जपा. त्यात रक्कम कबूल आहे. शिवाय ते मुदत संपण्याआधीचं असेल तर मुदत कायद्याच्या कलम १८ प्रमाणे मुदत नव्याने मोजायला लागते.

मुदतीबद्दल जरा रागाने लिहिते. पैसे द्यायची तारीख ठरलेली नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं. ठेकेदार स्मरणपत्र क्रमांक १७ दाखवतो आणि म्हणतो, पाठपुरावा चालू आहे ना. आपण स्मरणपत्रं पाठवल्याने मुदत वाढत नाही. समोरच्याने लिहून दिलं पाहिजे. या एका गैरसमजापायी बुडालेली रक्कम मोजायला गेलं तर एखादा तालुक्याचा रस्ता होईल.

माल पुरवणारा लघुउद्योजक असेल तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा बघा. पंचेचाळीस दिवसांत पैसे नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज. समोरच्याला निवाड्याला आव्हान द्यायचं तर ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. बांधकामाच्या ठेक्याला हा कायदा लावण्यावरून मात्र न्यायालयांत वाद झालेले आहेत, तेव्हा तिथे सावध.

‘काही येणं बाकी नाही’ असं लिहून दिलं असेल तर?

ते लिहून दिल्याशिवाय अंतिम बिल निघत नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. न्यायालयालाही. आर. एल. कलाथिया विरुद्ध गुजरात सरकार (२०११) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसत्या त्या सहीने खरा दावा मरत नाही. पण दुसऱ्याच दिवशी ‘सही नाइलाजाने केली’ असं पत्र आवक शिक्क्यासह दिलेलं असेल तरच बाजू भक्कम होते. सहा महिन्यांनी आठवलेला नाइलाज कोर्टाला पटत नाही.

व्यापारी न्यायालयांमुळे काय बदललं?

वेळापत्रक आलं. कायदा २०१५ चा. सुरुवातीला एक कोटीच्या वरचे वाद त्यात यायचे, २०१८ पासून ही रेषा तीन लाखांवर आली. बांधकाम आणि पायाभूत सुविधांचे करार, निविदांसकट, व्यापारी वादाच्या व्याख्येतच आहेत. तातडीचा दिलासा नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची, कलम १२-ए. पाटील ऑटोमेशन (२०२२) या निकालापासून ती न करता दावा लावला तर दावाच फेटाळला जातो.

लेखी कैफियत १२० दिवसांत आली नाही तर तो हक्क संपतो. साध्या दिवाणी कोर्टात ‘फायनल चान्स’ पाच वेळा मिळायची सवय असलेल्यांना हे फार जड जातं. कागद दाव्यासोबतच जोडायचे, मागून ‘सापडले’ म्हणून आणता येत नाहीत, त्यासाठी सबळ कारण दाखवून परवानगी घ्यावी लागते.

आणि सरकार प्रतिवादी असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस विसरू नका.

लवादात सरकारी खात्यानेच आपला माणूस लवाद नेमला तर?

पूर्वी सर्रास व्हायचं. खात्याचाच निवृत्त मुख्य अभियंता बसायचा. २०१५ च्या दुरुस्तीने लवाद कायद्यात कलम १२(५) आणि सातवी अनुसूची (कोण लवाद होऊ शकत नाही त्याची यादी) आली आणि तो काळ संपत गेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये रेल्वे विद्युतीकरणाच्या प्रकरणात पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की सरकारी-खासगी करारात एकतर्फी लवाद नेमण्याचं कलम समानतेच्या तत्त्वाविरुद्ध आहे. जुने करार चाळताना हे कलम आधी शोधा.

दुसरीकडे केंद्र सरकारचं मनच लवादावरून उडालेलं दिसतं. ३ जून २०२४ च्या अर्थ मंत्रालयाच्या परिपत्रकाने लवाद साधारणपणे दहा कोटींखालच्या वादांपुरता ठेवा, मध्यस्थी वापरा, असं खात्यांना सुचवलं. याचा अर्थ पुढची दहा वर्षं मोठे दावे कोर्टात येणार. नव्या वकिलांनी पुराव्याचा कायदा घासून ठेवावा.

ठेकेदाराने हमी म्हणून दिलेली बँक गॅरंटी खात्याने वटवू नये म्हणून मनाई मिळते?

क्वचित. उघड फसवणूक किंवा कधीच भरून न येणारं नुकसान असेल तरच. पण गॅरंटीचा मजकूर शब्दन् शब्द वाचा. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन विरुद्ध बिहार सरकार (१९९९) मध्ये गॅरंटी सशर्त निघाली आणि ठेकेदार वाचला.

काळ्या यादीत टाकलं. काय करायचं?

नोटीस बघा. ‘आपले कंत्राट रद्द का करू नये’ एवढंच लिहिलं असेल आणि आदेशात तीन वर्षांची बंदी असेल, तर तो आदेश टिकणं अवघड. गोरखा सिक्युरिटी (२०१४) प्रमाणे काळ्या यादीत टाकण्याचा इरादा नोटिशीत स्पष्ट दिसला पाहिजे. हे काम रिटमध्ये लवकर होतं, आणि अशील आयुष्यभर लक्षात ठेवतो.

सरकारच्या बाजूने काम करावं की ठेकेदारांच्या?

जमलं तर दोन्ही, पण एका वेळी एकाच प्रकरणात नव्हे, हे सांगायला नकोच. राज्य सरकारचे सरकारी वकील आणि सहायक सरकारी वकील १९८४ च्या विधी अधिकारी नियमांखाली नेमले जातात. महानगरपालिका, महामंडळं, प्राधिकरणं यांची पॅनेलं, म्हणजे ठरलेल्या वकिलांच्या याद्या, वेगळी. पॅनेलवर मानधन कमी आणि उशिरा, पण दोन वर्षांत तुम्ही जेवढ्या फायली बघता तेवढ्या खासगीत दहा वर्षांत दिसत नाहीत.

मी एका सरकारी संस्थेच्या पॅनेलवर असताना लवादाचा एक निवाडा संस्थेच्या विरोधात गेला. त्याची सहीची प्रत आवक कक्षात शिक्का मारून ठेवली गेली, तिथून लेखा शाखेत, तिथून रजेवर गेलेल्या कुणाच्या तरी कपाटात. फाईल माझ्याकडे पोचली तेव्हा लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली निवाड्याला आव्हान द्यायचे तीन महिने आणि वरचे तीस दिवस संपून चार दिवस झाले होते. वरचे तीस दिवस गेले की कोर्टालाही काही करता येत नाही. मुद्दा आमच्या बाजूचा होता. मी रात्रभर पळवाट शोधली. महाराष्ट्र सरकार विरुद्ध आर्क बिल्डर्स (२०११) प्रमाणे मुदत पक्षकाराला सहीची प्रत मिळाल्यापासून मोजतात, आणि आमचा शिक्का ठसठशीत उमटला होता. त्यानंतर मी प्रत्येक लवादाच्या शेवटच्या तारखेला संस्थेच्या आवक कारकुनाचा नंबर लिहून घेऊ लागले. २०२१ ला महाराष्ट्र सरकार विरुद्ध बोरसे ब्रदर्स आला, त्यात अपिलातला उशीर अपवाद म्हणून थोडाच माफ होईल, सरकार म्हणून वेगळी सूट नाही, असं ठरलं. तो वाचताना मला ते कपाट आठवलं.

मी मराठी माध्यमातली. इंग्रजी कच्चं आहे.

इंग्रजी सुधारेल. मराठी मात्र ज्यांना येत नाही त्यांची इथे फार पंचाईत होते. शासन निर्णय मराठीत, टिपण्या मराठीत. माहिती अधिकारात मिळवलेल्या फाईलवर ‘मान्य’, ‘तत्त्वतः मान्य’, ‘हरकत नाही’, ‘चर्चा करावी’, ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ असे शेरे असतात. यांतल्या प्रत्येकाचा अर्थ वेगळा. ‘नियमानुसार कार्यवाही करावी’ म्हणजे साहेबांना सही करायची नाही, हे इंग्रजी भाषांतरात कसं आणणार? आणि टिपणीवर ‘मान्य’ असलं तरी आदेश निघून पक्षकाराला कळवला जात नाही तोवर तो आदेश होत नाही, हे बच्चित्तर सिंग (१९६२) पासून ठरलेलं आहे.

अशिलाने ‘टक्केवारी दिली होती’ असं सांगितलं तर?

ते तुमच्यापाशीच राहतं, वकील-अशील गोपनीयता आहे. पण त्याला हेही सांगा की भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. जबरदस्तीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांत तक्रार केली तरच बचाव. बिल थकलं म्हणून दोन वर्षांनी दाव्यात हा आरोप लिहायला सांगतात, तो मी लिहीत नाही.

पैसे मिळतात का?

मिळतात, उशिरा. पहिली चार-पाच वर्षं घरून आधार लागतो, हे खोटं सांगण्यात अर्थ नाही. ‘वसूल झालेल्या रकमेतले दहा टक्के घ्या’ अशी ऑफर हमखास येते. निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला बंदी आहे. नाही म्हणायचं.

मुंबईतच राहावं लागतं का?

आता तेवढं नाही. नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा ही खंडपीठं आहेतच, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंचही सुरू झालं. व्यापारी वाद जिल्ह्याच्या ठिकाणीही चालतात. सांगली-साताऱ्यातल्या मुलांना तर माझा सल्ला, गावीच थांबा. तिकडचे ठेकेदार आणि सिंचनाची कामं पुण्या-मुंबईच्या वकिलांना फोनवर समजत नाहीत.

मुलीला हे क्षेत्र झेपेल का? (वडिलांचा प्रश्न, मुलगी शेजारी गप्प बसलेली)

मुलीला विचारा.

ठेकेदार पहिल्यांदा फाईल घेऊन आला की आधी काय मागायचं?

करारनामा, कार्यारंभ आदेश, काम संपल्याचा दाखला, शेवटचं बिल आणि त्यावर खात्याकडून आलेलं कुठलंही पत्र. तो म्हणेल, सगळं घरी आहे, उद्या आणतो. उद्या तो अर्धं आणेल. मग एम.बी.ची प्रत माहिती अधिकारात मागवा, आणि आली की शेवटची नोंद काढून बघा: मोजमाप कोणत्या तारखेला घेतलं, तपासणीची सही उपअभियंत्याची आहे का, आणि ठेकेदाराच्या सहीखाली ‘अंडर प्रोटेस्ट’ (हरकत राखून) लिहिलंय का.